सिडनीहून बाबांना: इथले चित्रकार काढतात काय आणि जगतात कसे

पॅरामॅटा, सिडनी
रविवार

तीर्थरूप बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या फोनवर तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: तिकडचे चित्रकार सध्या काय काढतात, आणि नुसती चित्रं काढून त्यांचं पोट भरतं का. दुसरा प्रश्न तुम्ही जरा खालच्या आवाजात विचारलात. आयुष्यभर शाळेत ड्रॉइंग शिकवून, रात्री सगळे झोपल्यावर स्वतःचं चित्र काढायला बसणाऱ्या माणसाने तो तसाच विचारला असता. फोनवर दोन वाक्यांत उरकायची माझी तयारी नव्हती, म्हणून हे पत्र. लांबणार आहे. आईला वाचून दाखवाल तेव्हा निवांत बसा.

घरचं आधी. मकरंदची बदली टळली, आम्ही याच घरात राहतोय. थंडी पडलीय, पण आपल्या कोल्हापूरच्या पहाटेसारखीच, फार नाही. बाकी सगळं ठीक.

मी चित्रं बघते ती बहुतेक इथल्या आर्ट गॅलरी ऑफ न्यू साउथ वेल्समध्ये. बंदराजवळ, डोमेन नावाच्या मोठ्या मैदानाला लागून ती आहे. कायमचा संग्रह बघायला तिकीट नाही. बुधवारी रात्री उशिरापर्यंत उघडी असते, त्यामुळे काम आटोपून ट्रेनने सेंट जेम्स स्टेशनला उतरायचं आणि झाडांखालून चालत जायचं, असा माझा पायंडा पडलाय. २०२२च्या डिसेंबरात शेजारी नवी इमारत उघडली. तिच्यात शिरल्या शिरल्या जे दालन लागतं ते आदिवासी चित्रकारांचं. पूर्वी ते जुन्या इमारतीत सगळ्यात खालच्या मजल्यावर होतं. हे मुद्दाम सांगतेय, कारण या देशाच्या चित्रकलेत गेल्या पन्नास वर्षांत जे झालं ते या एका जागाबदलात आलंय.

इथल्या सामान्य माणसापर्यंत चित्रकला पोचते ती आर्चिबाल्ड पारितोषिकामुळे. जे. एफ. आर्चिबाल्ड हे ‘बुलेटिन’ साप्ताहिकाचे संपादक. त्यांनी मृत्युपत्रात पैसे ठेवले आणि १९२१पासून सर्वोत्तम व्यक्तिचित्राला हे बक्षीस मिळतं. आता रक्कम आहे एक लाख डॉलर. नियम तुम्हाला आवडेल: ज्याचं चित्र काढायचं तो माणूस चित्रकारासमोर निदान एकदा तरी प्रत्यक्ष बसलेला हवा. फोटोवरून भागवता येत नाही. निवड गॅलरीचे विश्वस्त करतात आणि निकाल लागला की ज्यांनी वर्षभर एकही चित्र बघितलेलं नसतं तेसुद्धा त्यावर तावातावाने बोलतात. आमच्या कँटीनमध्ये क्रिकेटवर होतात तसे वाद होतात. चित्रावर भांडणारा समाज मला आवडतो.

भांडण कोर्टातही गेलंय. १९४३चं बक्षीस विल्यम डोबेल यांना मिळालं, जोशुआ स्मिथ या चित्रकार मित्राच्या चित्रासाठी. लांबलचक मान, काटकुळे हात, ताणलेला चेहरा. बक्षीस हुकलेल्या दोघा चित्रकारांनी दावा लावला की हे व्यक्तिचित्र नव्हे, व्यंगचित्र आहे. १९४४मध्ये निकाल डोबेलच्या बाजूने लागला, पण माणूस मनाने पार खचला आणि शहर सोडून वांगी वांगी नावाच्या गावी तळ्याकाठी जाऊन राहिला. तिथे निसर्गचित्रं काढत सावरला. मग १९४८चं आर्चिबाल्ड पुन्हा त्यालाच मिळालं, मार्गारेट ऑली नावाच्या पंचविशीतल्या चित्रकर्तीच्या चित्रासाठी. पॅराशूटच्या रेशमाचा झगा, मोठी हॅट, गोल प्रसन्न चेहरा. ते चित्र याच गॅलरीत आहे.

ही मार्गारेट ऑली मला फार जवळची वाटते. १९२३चा जन्म, वाढलेली उत्तरेकडच्या ऊस पिकणाऱ्या मुलखात. आयुष्यभर तिने स्थिरचित्रं आणि घरातल्या खोल्या काढल्या: फुलदाणी, डाळिंबं, पिवळं टेबल, खिडकीतून येणारा उजेड. सिडनीच्या पॅडिंग्टन भागात तिचं घर होतं. पूर्वी तिथे हॅटचा कारखाना होता. वस्तूंनी ते इतकं भरलेलं की चालायला वाट नसे. एका बाजूला वाळलेली फुलं, दुसऱ्या बाजूला ताजी, ॲशट्रे, रंगांच्या ट्यूबा, आणि त्या पसाऱ्यात ती चित्र काढत बसलेली. तुम्ही दहावीच्या पोरांना स्थिरचित्र मांडून द्यायचात ना, मागे कापड, पुढे तांब्या आणि दोन वांगी? तिचं अख्खं घरच तसं मांडलेलं होतं. ती गेल्यावर त्या खोल्या हजारो वस्तूंसह उचलून उत्तरेला मरविलंबाच्या ट्वीड प्रादेशिक कलादालनात जशाच्या तशा उभ्या केल्यात. आणि पैशाचं म्हणाल, तर ही बाई त्यातही शहाणी. घरं घेतली, भाड्याने दिली, त्या उत्पन्नातून चित्रं विकत घेतली आणि या गॅलरीला दान केली. तरुण चित्रकारांची कामंही ती घेत असे.

त्या तरुणांपैकी एक बेन क्विल्टी. २०११चं आर्चिबाल्ड त्याला मिळालं, आणि चित्र कुणाचं? म्हाताऱ्या मार्गारेट ऑलीचं. पंचविशीत एकाने काढलं, सत्त्याऐंशीच्या वयात दुसऱ्याने, आणि दोन्ही चित्रांना तेच बक्षीस. त्याच वर्षी जुलैत ती गेली. क्विल्टीचा रंग जाड, गवंडी गिलावा थापतो तसा थापलेला. हाताएवढ्या अंतरावरून नुसते लपके दिसतात: गुलाबी, मळका पांढरा, मध्येच काळपट लाल. चार पावलं मागे या, आणि बाईचे डोळे तुमच्याकडे बघायला लागतात. त्याची आणखी एक पद्धत आहे. कॅनव्हासवर ओला जाड रंग लावायचा आणि त्यावर दुसरा कोरा कॅनव्हास दाबून उचलायचा. समोरासमोर दोन चित्रं तयार होतात, एक स्पष्ट, एक विस्कटलेलं. आपण लहानपणी कागद दुमडून शाईचे ठसे काढायचो त्याच तत्त्वावर, पण भिंतभर आकारात. ज्या जागी गोऱ्यांनी आदिवासींची कत्तल केल्याचं सांगितलं जातं, त्या रम्य धबधब्याचं चित्र त्याने या रीतीने केलंय. सुंदर देखावा स्वतःच्याच प्रतिबिंबात फाटतो.

क्विल्टी १९७३चा. २०११मध्ये तो अधिकृत युद्धचित्रकार म्हणून अफगाणिस्तानात गेला. हो, इथे तसं पद आहे, पहिल्या महायुद्धापासून. तो बंदुका आणि रणगाडे काढून परतला नाही. घरी आलेल्या सैनिकांना त्याने आपल्या स्टुडिओत बोलावलं आणि गणवेश उतरवून बसायला सांगितलं. कसं बसायचं ते त्यांनीच ठरवायचं. कुणी जमिनीवर अंग आखडून पडलं, कुणी तोंड फिरवलं. दुःख त्यांच्या पाठीत, खांद्यात दिसतं. पुढे इंडोनेशियात बालीच्या तुरुंगात फाशीची शिक्षा झालेल्या म्युरान सुकुमारन या कैद्याला तो चित्रकला शिकवायला जात असे. शिक्षा अमली पदार्थांच्या गुन्ह्यासाठी होती. २०१५च्या एप्रिलमध्ये ती अमलात आली, तोवर तो मुलगा झपाट्याने स्वतःचे चेहरे रंगवत राहिला. क्विल्टीने त्याच्यासाठी जीव तोडून प्रयत्न केले. मला या माणसाबद्दल आदर वाटतो तो रंगाच्या थरामुळे नव्हे. शिकवणं हे चित्र काढण्याइतकंच गंभीर काम आहे असं मानून तो जगतो, म्हणून. तुम्हाला हे वेगळं सांगायला नको.

आणखी एकच आर्चिबाल्ड सांगते. २०२१मध्ये पारितोषिकाची शंभरी होती. बक्षीस मिळालं पीटर वेगनरला, गाय वॉरन या चित्रकाराच्या चित्रासाठी. गाय वॉरनचा जन्म १९२१चा, म्हणजे माणूस आणि पारितोषिक एकाच वयाचे. १९८५मध्ये त्यांना स्वतःला हे बक्षीस मिळालेलं. शंभराव्या वर्षीही ते स्टुडिओत जात, काम करत. चित्रात ते खुर्चीत बसलेत, अंगाने वाळलेले आणि नजरेने तल्लख. २०२४मध्ये १०३ वर्षांचे होऊन गेले. बाबा, तुम्ही बहात्तर.

आता ज्याच्यासाठी खरं तर हे पत्र लिहितेय तिकडे येते.

ते आर्चिबाल्ड ९९ वर्षं कुणाही आदिवासी चित्रकाराने जिंकलं नव्हतं. २०२०मध्ये व्हिन्सेंट नमाटजिरा जिंकला. चित्रात तो स्वतः आणि ॲडम गुड्स, ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा मोठा खेळाडू, एकमेकांचा हात धरून उभे आहेत. गुड्सही आदिवासी. वर्णद्वेषाविरुद्ध बोलला म्हणून प्रेक्षकांनी मैदानात त्याची हुर्यो उडवली आणि २०१५मध्ये तो खेळातून निवृत्त झाला. व्हिन्सेंटचा जन्म १९८३चा, देशाच्या मध्यातल्या ॲलिस स्प्रिंग्ज गावचा. लहानपणीच आई गेली, आणि त्याला वाळवंटातल्या आपल्या माणसांपासून उचलून दूर पर्थला परक्या कुटुंबात ठेवलं. अठराव्या वर्षी तो परत आला, तेव्हा त्याला नीट कळलं की आपला पणजोबा कोण होता. आता तो दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात इंडुल्काना या लहानशा वस्तीत राहतो आणि तिथल्या इवांत्जा कलाकेंद्रात बसून रंगवतो. राण्या, पंतप्रधान, खाणमालक अशी सत्तेतली माणसं तो काढतो. मोठी डोकी, वाकडेतिकडे चेहरे, सपाट ॲक्रिलिक रंग. आणि कित्येकदा त्यांच्या शेजारी स्वतःलाही उभं करतो. २०२४मध्ये कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात त्याने काढलेलं जिना राइनहार्ट या अतिश्रीमंत खाणमालकिणीचं चित्र लागलं होतं. ते काढून टाका अशी मागणी तिच्याकडून आली, दालनाने चित्र जागचं हलवलं नाही, आणि ते चित्र जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आलं.

आता त्याचा पणजोबा: अल्बर्ट नमाटजिरा. त्याचं काम दाखवायला मी तुम्हाला इथे आणायला हवं. जलरंग! भुतासारखी पांढऱ्या खोडाची निलगिरीची झाडं, मागे जांभळे डोंगर, लाल माती. आपल्या चित्रकार आबालाल रहमानांचा रंकाळा बघून तुम्ही जसे गप्प होता तसे इथे व्हाल. १९०२चा जन्म, हर्मन्सबर्ग या लूथरन मिशनच्या वस्तीत. रेक्स बॅटरबी नावाच्या गोऱ्या चित्रकाराकडून तो जलरंग शिकला, त्या बदल्यात त्याला उंटांवरून डोंगरात फिरवून आणलं. १९३८मध्ये मेलबर्नला पहिलं प्रदर्शन झालं आणि सगळी चित्रं विकली गेली. नाव देशभर झालं. घराघरात त्याच्या चित्रांच्या छापील प्रती लागल्या. पण त्याने गुरांसाठी जमीन भाडेपट्ट्याने मागितली, नाकारली. ॲलिस स्प्रिंग्जला घर बांधायचं म्हटलं, परवानगी नाही. कारण कायद्याच्या लेखी तो पूर्ण नागरिकच नव्हता. १९५७मध्ये त्याला आणि त्याच्या बायकोला अपवाद म्हणून नागरिकाचे हक्क दिले, मुलाबाळांना नाही. नागरिकाला दारू विकत घेता येत असे, इतर आदिवासींना नाही, आणि त्याच्या समाजाची रीत अशी की मिळेल ते वाटून घ्यायचं. नात्यातल्या माणसाला दारू दिल्याबद्दल १९५८मध्ये त्याला शिक्षा झाली. ती त्याने पापुन्या नावाच्या सरकारी वस्तीत भोगली. पुढच्या वर्षी तो गेला.

आणि पुढे ऐका. १९८३मध्ये त्याच्या चित्रांचे कॉपीराइट सरकारी विश्वस्ताने एका प्रकाशन संस्थेला साडेआठ हजार डॉलरला विकून टाकले. वारसांना विचारलंही नाही. ते हक्क कुटुंबाच्या न्यासाकडे परत आले २०१७मध्ये. चौतीस वर्षं त्या पणजोबाची चित्रं कुठे छापायची असतील तर पैसे दुसऱ्याला जात होते. व्हिन्सेंट रंगवतो ती सगळी सत्ताधारी माणसं मी या पार्श्वभूमीवर बघते, आणि मग त्या वाकड्या चेहऱ्यांचं कारण मला समजावून सांगावं लागत नाही.

पापुन्या हे नाव लक्षात ठेवा. १९७१मध्ये तिथल्या शाळेत जेफ्री बार्डन नावाचा तरुण ड्रॉइंग मास्तर सिडनीहून आला. तुमच्याच धंद्यातला! त्याने बघितलं की पोरं वर्गात शिकवलेलं काहीबाही काढतात, पण बाहेर वाळूत बोटांनी वेगळीच चिन्हं काढून एकमेकांना गोष्टी सांगतात: वर्तुळं, अर्धवर्तुळं, पावलांच्या रेघा. तेच काढा म्हणाला. मग वस्तीतली मोठी माणसं पुढे आली आणि त्यांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंग्यांची कथा रंगवली. पुढे ती भिंत वरून रंग मारून पुसली गेली. पण माणसं थांबली नाहीत. हाताला येईल त्यावर, फळांच्या खोक्यांच्या फळ्यांवर, फरशीच्या तुकड्यांवर, हार्डबोर्डवर रंगवत राहिली. १९७२मध्ये चित्रकारांनी स्वतःच्या मालकीची संस्था काढली, पापुन्या तुला. ती आजही चालू आहे. जगभर ‘ठिपक्यांची चित्रं’ म्हणून जी ओळखली जातात त्यांची सुरुवात तिथली. ठिपके केवळ सजावटीचे नाहीत, हे इथे येऊन कळलं. विधींतल्या काही गोष्टी परक्यांनी बघायच्या नसतात. त्या झाकायलाही ठिपके कामी आले.

हे वाचताना तुम्हाला भास्कर कुलकर्णी आठवले असणार. त्याच सुमारास, सत्तरीच्या सुरुवातीला, विणकर सेवा केंद्राचे कुलकर्णी कागद आणि रंग घेऊन डहाणूकडच्या पाड्यांत फिरत होते, आणि गेरूच्या भिंतीवरची वारली चित्रं कागदावर उतरली. गंजाडचे जिव्या सोमा मशे पुढे आले ते तिथून. दोन माणसं, समुद्राच्या दोन बाजूंना, एकमेकांची काही खबर नसताना एकच काम करत होते. मला हे फार विलक्षण वाटतं. फरक पुढे पडला. इथे चित्रकारांच्या संस्था उभ्या राहिल्या. वाळवंटात आणि उत्तरेच्या किनाऱ्यावर गावोगाव कलाकेंद्रं आहेत, कॅनव्हास-रंग तीच पुरवतात, विक्री तीच बघतात, आणि त्यांच्या व्यवस्थापनात चित्रकारांचाच शब्द असतो. आपल्याकडे वारली नक्षी कपबशीपासून उशीच्या अभ्र्यापर्यंत सगळीकडे छापलेली असते. डहाणूच्या पाड्यात त्यातलं किती पोचतं?

अर्थात फसवणूक इथेही झाली. त्या पापुन्याच्या पिढीतल्या क्लिफर्ड पॉसम जापलजारीचं ‘वार्लुगुलाँग’ हे प्रचंड चित्र १९७७चं. एका बँकेने बाराशे डॉलरला घेतलं आणि प्रशिक्षण केंद्राच्या कँटीनमध्ये लावलं. २००७मध्ये ते लिलावात चोवीस लाख डॉलरला गेलं. चित्रकार २००२मध्येच वारला होता आणि त्याच्या माणसांना त्यातला छदामही मिळण्याची सोय नव्हती. अशी उदाहरणं डोळ्यांसमोर आल्यावर कायदा झाला. जून २०१०पासून चित्र हजार डॉलर किंवा त्यावर पुन्हा विकलं गेलं की किमतीच्या पाच टक्के चित्रकाराला, आणि त्याच्या मागे वारसांना मिळतात. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. थोड्यांचं बरं चालतं, पुष्कळांना शिकवण्याची किंवा दुसरी नोकरी करावी लागते, आणि आदिवासी वस्त्यांत एकाच्या चित्रावर अख्खं गणगोत जगतं.

तसं गणगोत एमिली कामे उंग्वारेच्या मागे होतं. तिच्याविषयी शांतपणे लिहिणं मला अवघड जातं. १९१०च्या आसपासचा जन्म, ॲलिस स्प्रिंग्जच्या ईशान्येला युटोपिया नावाच्या भागात. उंट हाकले, गोऱ्यांच्या गुरांच्या वाड्यांवर राबली. १९७७मध्ये गावातल्या बायकांबरोबर बाटिक शिकली: रेशमावर मेण, रंग, मग उकळून मेण काढणं. दहाएक वर्षं ते कष्टाचं काम केलं. १९८८-८९च्या सुमारास हातात पहिला कॅनव्हास आला, तेव्हा ती सत्तरीच्या शेवटाकडे होती. १९९६मध्ये वारली. मधल्या जेमतेम आठ वर्षांत सुमारे तीन हजार चित्रं.

कॅनव्हास जमिनीवर अंथरायचा, बाजूला मांडी घालून बसायचं, हात पोचेल तिथवर रंगवायचं, मग कॅनव्हास फिरवायचा. तिच्या चित्रांना वर-खाली नसतं. आधी ठिपके, थरावर थर, पावसानंतर वाळवंट फुलावं तसे. मग एक दिवस ठिपके संपले आणि नुसत्या पट्ट्या आल्या, बायका विधीच्या वेळी छातीवर-खांद्यावर ओढतात तशा. मग रेघा. मेलबर्नच्या नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियात १९९५चं एक चित्र आहे, जवळजवळ तीन मीटर उंच आणि आठ मीटर लांब. काळ्यावर फक्त पांढरी रेघ. रताळ्यासारख्या एका रानकंदाची मुळं जमिनीखाली पसरतात, जमीन तडकली की वरून त्यांचा माग लागतो, ते सगळं जाळं. तिच्या नावातला ‘कामे’ म्हणजे त्याच कंदाचं बी. ती रेघ कुठेही चाचरत नाही. मी चित्राच्या एका टोकाला उभी राहून एकच रेघ नजरेने धरली आणि चालत गेले. ती वळते, दुसरीखालून जाते, सुटते, पुन्हा सापडते. त्या बाईने हे कंद आयुष्यभर उकरून खाल्ले होते, जमिनीखाली काय चाललंय ते तिच्या हाताला ठाऊक होतं. २०२५मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये तिचं मोठं प्रदर्शन लागलं.

सॅली गॅबोरीची गोष्ट याहून अद्भुत. क्वीन्सलंडच्या उत्तरेला कार्पेंटारियाच्या आखातात बेंटिंक नावाचं छोटं बेट आहे, तिथली ती. १९४८मध्ये वादळात समुद्राचं पाणी बेटावर चढलं, गोडं पाणी नासलं, आणि मिशनऱ्यांनी तिच्या कायाडिल्ट लोकांना उचलून शेजारच्या मॉर्निंग्टन बेटावर नेलं. त्यांना चित्र काढण्याची परंपराच नव्हती. २००५मध्ये, ऐंशी उलटल्यावर, तिथल्या कलाकेंद्रात तिने पहिल्यांदा कुंचला धरला. आणि काय काढलं? आपलं बेट. वडिलांची जागा, भावाची जागा, नवऱ्याची जागा, मासे अडवायला रचलेले दगडी बांध, खाडीचं तोंड. ओळखू येईल असं काहीच नाही: गुलाबी, नारिंगी, पांढऱ्या रंगांचे मोठमोठे ढग एकमेकांत ओलेपणीच मिसळलेले. पण प्रत्येक रंग ठरावीक ठिकाणचा. तुमच्या इंटरमिजिएटच्या पेपरात स्मरणचित्र असायचं ना? साठ वर्षांपूर्वी सुटलेल्या गावाची ही दोन हजार स्मरणचित्रं आहेत. २०१५मध्ये ती गेली. २०२२ला पॅरिसमध्ये मोठं प्रदर्शन झालं, आणि ब्रिस्बेनच्या सुप्रीम कोर्टाच्या इमारतीत तिचं काम भिंतीवर आहे.

शहरातल्यांपैकी क्रेसिडा कॅम्पबेलची फक्त पद्धत सांगते, कारण ती ऐकून तुम्ही नक्की करून बघाल. प्लायवुडच्या फळीवर पेन्सिलने रेखाटन करायचं. रेघा बारीक कोरायच्या. मग कोरलेल्या रेघांच्या मधल्या जागा छोट्या कुंचल्याने जलरंगांनी भरायच्या, थरावर थर, कित्येक आठवडे. रंग सुकलेला असतो. शेवटी फळीवर पाण्याचा फवारा मारून रंग जागा करायचा, कागद ठेवायचा आणि दाबून उचलायचा. एकच ठसा निघतो, दुसरा नाही. कोरलेल्या रेघा पांढऱ्या उमटतात. नंतर ठशावर आणि फळीवर हाताने डागडुजी. फळी आणि कागद, दोन्ही चित्रंच. तरुणपणी टोकियोत जाऊन ती जपानी ठसाकाम शिकून आली होती. काढते काय, तर सिडनीच्या समुद्राजवळचं स्वतःचं घर: स्वयंपाकघराची फळी, न्हाणीघर, वेलीची पानं, ताटातला मासा. २०२२मध्ये कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनाने तिचं मोठं प्रदर्शन भरवलं. माझ्या पाहण्यातल्या चित्रांत इतका धीर दुसऱ्या कुणाचा नाही.

एलिझाबेथ कमिंग्जही राहिली. १९३४ची. सिडनीच्या नैऋत्येला वेडरबर्नच्या झाडीत राहते. तिची रानं समोरच्या झाडाची नक्कल नसतात. कोरडी पानं, वणव्याचा वास, खडकाची ऊब, सगळं रंगांच्या खरडण्यात. मोठं नाव झालं ते उतारवयात.

बाबा, हे सगळं लिहिण्यामागे माझा हेतू आहे आणि तो मी लपवत नाही. निवृत्तीनंतर तुम्ही कुंचला हातात घेतलेला नाही. ओवीला एलिमेंटरीसाठी शिकवता, तिच्या रेघा सुधारता, पण स्वतःचं काही नाही. विचारलं की मोतीबिंदू, हात, आणि ‘आता कुणाला दाखवायचंय’. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. दाखवायचं मला. पंचगंगेच्या घाटाच्या पायऱ्या पाणी चढलं की कुठल्या क्रमाने बुडतात ते तुम्ही डोळे मिटून सांगू शकता. आजोबांचं शेत रस्त्यात गेलं, त्याच्या बांधावरची बाभूळ कुठे होती तेही आता तुम्हालाच माहीत आहे. ते कागदावर यायला हवं, आणि ते दुसऱ्या कुणाला काढता येणार नाही.

माझी एक मैत्रीण पुढच्या महिन्यात पुण्याला येतेय. तिच्याबरोबर आर्ट स्पेक्ट्रमचे जलरंग पाठवतेय, मेलबर्नची कंपनी आहे. त्यात पिलबारा रेड नावाचा एक लाल आहे, इथल्या मातीचा. आपल्या जोतिबाच्या वाटेवरच्या मातीला तो लागेल असं मला वाटतं, लावून बघा आणि कळवा. कागद जाड, तीनशे ग्रॅमचा घेतलाय. दादाला पुण्याहून पार्सल आणायला सांगितलंय. डॉक्टरांची पुढची तारीख कधी आहे तेही लिहा, आईला विचारलं की ती ‘सगळं बरं आहे’ एवढंच म्हणते.

आईला नमस्कार, दादा-वहिनींना नमस्कार, ओवीला आशीर्वाद. तिचं संकल्पचित्र पूर्ण झालं की फोटो पाठवा.

तुमची,
मेधा